बांधावरचे साठ दिवस आणि सदोष भिंग

“फोटो क्लिअर आला आहे ना?” हा प्रश्न आपण सर्वांनीच कधी ना कधी विचारलेला आहे. ओळखपत्राचा फोटो असो की लग्नातला, तो स्वच्छ आणि रेखीव असला म्हणजे चांगला, अशी आपली साधी समजूत असते. ती चुकीची आहे असे मुळीच नाही. पण छायाचित्रणात अशीही एक शाखा आहे, जिच्यात मुद्दाम सदोष भिंग वापरतात. कडेला अंधूक होणारे, पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरवणारे, फुलाभोवती धुक्याची झालर लावणारे भिंग शोधून आणतात आणि त्यातून रोज एक निसर्गचित्र घेतात. प्रथम ऐकले तेव्हा मला हा श्रीमंतांचा छंद वाटला. पुढे साठ दिवस मी स्वतः तो करून पाहिला. त्या अनुभवाच्या आधारे ही भिंगे कशी चालतात आणि ‘रोज एक’ या नेमाचा उपयोग काय, हे माझ्या मित्रमैत्रिणींसाठी येथे लिहीत आहे.

आधी नेमाविषयी. आज सहलीहून परतताना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शे-दोनशे छायाचित्रे असतात. पण सहलीत एकाही झाडाकडे दोन मिनिटे पाहिलेले असतेच असे नाही. चित्र फुकट झाले, तसे पाहणेही स्वस्त झाले. या सवयीला लगाम घालण्याचा एक प्रयोग जिम ब्रँडनबर्ग या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९४ साली केला. नॅशनल जिऑग्राफिक मासिकासाठी काम करणारा हा नामांकित माणूस. एकेका कामगिरीवर असंख्य फिल्म खर्च करण्याची त्याला सवय होती. त्याने मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडील एली गावाजवळच्या अरण्यात, आपल्या घराच्या परिसरात, सप्टेंबरमधील विषुवदिनापासून डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसापर्यंत ९० दिवस रोज एकच छायाचित्र घ्यायचे ठरवले. एकच म्हणजे बटण एकदाच दाबायचे. हरिण हलले, प्रकाश गेला, तरी दुसरी संधी नाही. ही चित्रे १९९७ साली त्या मासिकात आली आणि १९९८ साली त्यांचे पुस्तक निघाले.

त्याहून जुने आणि मला अधिक जवळचे वाटणारे उदाहरण विल्सन बेंटले याचे आहे. व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याला हिमाचे कण जवळून पाहायचे होते. सतरा वर्षांचा असताना त्याच्या आईने वडिलांची मनधरणी करून त्याला सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा घेऊन दिला. किंमत शंभर डॉलर, म्हणजे त्या काळच्या शेतकऱ्याला जड रक्कम. वडिलांना हे खूळ शेवटपर्यंत पटले नाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमस्फटिकाचे पहिले यशस्वी छायाचित्र घेतले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे १९३१ साली मृत्यू येईपर्यंत, शेती सांभाळून, प्रत्येक हिवाळ्यात त्याने हेच केले आणि पाच हजारांहून अधिक स्फटिकांची चित्रे जमवली. गावही सोडले नाही आणि विषयही बदलला नाही.

आता भिंगाविषयी. शाळेत आपण शिकलो की बहिर्वक्र भिंग समांतर किरणांना एका बिंदूत, म्हणजे नाभीत, आणते. परीक्षेतल्या आकृतीत ते बिनचूक येतात. खऱ्या भिंगात मात्र कडेतून जाणारे किरण जरा अलीकडे मिळतात आणि मध्यातून जाणारे जरा पलीकडे. यास गोलीय विपथन म्हणतात. याशिवाय निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो, म्हणून वस्तूच्या कडेला रंगांची किनार दिसते. तसेच सपाट वस्तूची प्रतिमा सपाट न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. म्हणून मध्य स्पष्ट धरला तर कडा अंधूक होतात. गेली पावणेदोनशे वर्षे भिंगकारांनी हे दोष कमी करण्यात घालवली आहेत. दोन-तीन-सात काचा एकामागे एक ठेवून एकीचा दोष दुसरीने खोडायचा, अशी ती विद्या आहे. ‘खास’ भिंग म्हणजे ज्यात यांपैकी एखादा दोष राहिलेला आहे किंवा मुद्दाम ठेवलेला आहे असे भिंग.

यातले सर्वांत प्रसिद्ध घराणे पेट्झवालचे. जोसेफ पेट्झवाल हा व्हिएन्नातील गणिताचा प्राध्यापक. १८४० साली त्याने माणसांची चित्रे घेण्यासाठी भिंग तयार केले. त्यासाठी लागणारी किचकट आकडेमोड करायला त्याला तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक मदतीला मिळाले होते! आधीच्या भिंगांपेक्षा ते कित्येक पट अधिक प्रकाश आत घेई, त्यामुळे मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसून राहण्याचा लोकांचा छळ थांबला. पण मध्यभागी उत्तम असणारे हे भिंग कडेकडे बिघडत जाई. चेहरा मध्ये असल्याने ते कोणाला खटकले नाही. पुढे अधिक निर्दोष भिंगे आली आणि पेट्झवाल मागे पडले. आश्चर्य असे की २०१३ साली लोमोग्राफी या कंपनीने लोकवर्गणीतून हेच भिंग नव्याने काढले, आणि या वेळी लोकांनी ते त्याच्या बिघडलेल्या कडांसाठीच विकत घेतले.

दुसरे नाव हेलिओस–४४ चे. जर्मनीतील झाइस कंपनीच्या बायोटार भिंगाच्या नमुन्यावरून सोव्हिएत रशियात बनलेले ५८ मिलिमीटर नाभीय अंतराचे हे भिंग झेनिट कॅमेऱ्यांवर येत असे. ते लाखोंनी बनले, म्हणून आजही जुन्या बाजारात परवडते. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे पार्श्वभूमीतील प्रकाशाचे ठिपके मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. याचे कारण गमतीचे आहे. नजरेच्या रेषेबाहेरचा, अंधूक झालेला प्रकाशाचा ठिपका खरे तर गोल तबकडीसारखा दिसायला हवा. पण तिरका येणारा प्रकाश भिंगाच्या नळीच्या पुढच्या-मागच्या कडांनी थोडा कापला जातो आणि तबकडीचा आकार मांजराच्या डोळ्यासारखा लांबट होतो. हे सारे डोळे मध्याभोवती रिंगण धरून बसलेले असतात, म्हणून भोवऱ्याचा भास होतो. अंधूक भागाच्या या रूपाला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. हा जपानी शब्द १९९७ साली एका अमेरिकन मासिकाने इंग्रजीत रूढ केला. मराठी वाचकाला त्यात मांजरच दिसले तर त्याचा दोष नाही. डोळे तर मांजराचेच आहेत!

तिसरा प्रकार जर्मनीतील मायर कंपनीच्या ट्रायोप्लानचा. यात तीनच काचा. गोलीय विपथन उलट्या बाजूला थोडे अधिक झाल्यामुळे अंधूक तबकडीची कड उजळ उमटते आणि पार्श्वभूमीत साबणाचे फुगे सोडल्यासारखे वाटते. चौथा प्रकार अलीकडचा. २००४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे क्रेग स्ट्राँग याने ‘लेन्सबेबी’ नावाचे भिंग विक्रीस आणले. ते लवचिक नळीवर बसवलेले असून बोटांनी वाकवता येते. वाकवाल तिकडे एक छोटा भाग स्पष्ट राहतो, बाकी सर्व ओढल्यासारखे पुसट होते. त्याच कंपनीच्या २०१५ सालच्या ‘व्हेल्वेट’ भिंगात स्पष्ट प्रतिमेवर मऊ झालर चढते. हा पुन्हा गोलीय विपथनाचाच खेळ.

या भिंगांच्या किमती ऐकून आमच्यासारख्यांनी गप्प बसायचे का? मी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून त्यांचे जुने, कडेला टवका उडालेले भिंग मागून घेतले. दहापट दाखवणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे २५ मिलिमीटर असते. म्हणजे ते मोबाइलच्या भिंगावर नीट मध्यभागी धरले आणि फूल त्यापासून सुमारे एक इंचावर ठेवले की स्पष्ट प्रतिमा मिळते. मोबाइलला दोन-तीन भिंगे असतील तर तो जवळची वस्तू पाहून आपोआप दुसऱ्याच भिंगावर उडी मारतो, तेव्हा मुख्य भिंग आधी निवडून ठेवावे. साध्या काचेतील सगळे दोष यात आयते मिळतात: मध्य स्पष्ट, कडा ओघळलेल्या, पांढऱ्या पाकळीला जांभळी किनार. दिवाळीच्या सुटीत विभागाचा डिजिटल कॅमेरा सरांच्या परवानगीने घरी नेता आला. एका स्टुडिओच्या मालकांनी काचेच्या कपाटातील झेनिटवरचे हेलिओस भिंग विश्वासाने काढून दिले. एका पातळ कडीने ते नव्या कॅनन कॅमेऱ्यावर बसते. मात्र या कॅमेऱ्यातील संवेदक जुन्या फिल्मपेक्षा लहान असल्याने चित्राच्या कडा कापल्या जातात आणि भोवरा काहीसा सौम्य होतो.

विषय ठरवला आमच्या शेताचा बांध. लांबी दीडशे पावले. वेळ सकाळी पावणेसात ते सव्वासात, कारण साडेसातची एस.टी. गाठायची असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २९ नोव्हेंबरपर्यंत साठ दिवस. ब्रँडनबर्गचा एका चित्राचा नियम मी तीन दिवस पाळला आणि सोडला. तिन्ही दिवस माझाच श्वास लागून फूल हलले होते. मग रोज कितीही घ्यावीत पण संध्याकाळी एकच ठेवावे, असा नियम केला. एकोणिसाव्या दिवशी ताप होता, त्या दिवसाची जागा वहीत कोरी आहे.

पहिल्या आठवड्यात बांध संपला. एकदांडी, कुर्डू, आघाडा, टाकळा, रुई, कुसळी गवत, गाजरगवत, दोन बाभळी. आता काय घ्यायचे? येथेच या नेमाची खरी सुरुवात होते असे मला वाटते. दाखवण्यासारखे संपल्यावर मनुष्य पाहू लागतो. एकदांडीचे फूल मी लहानपणापासून तुडवले होते. भिंगाखाली दिसले की ते एक फूल नव्हेच. मध्ये पिवळ्या नळीसारख्या बारीक फुलांची दाटी आणि कडेला टोकाशी दातरी असलेली पाच-सहा फिकट फुले, असा तो अख्खा मेळा आहे. कुसळाचे शेपूट दुपारी दोरीसारखे पिळलेले असते आणि दव पडले की सकाळी उलगडते. या पिळण्या-उलगडण्यानेच कुसळाचे बी जमिनीत शिरते. आपल्या पायजम्यात ते का घुसते, याचेही उत्तर त्यात आहे.

सर्वांत मोठा धडा जोंधळ्याने दिला. कोवळ्या जोंधळ्याच्या पानांच्या टोकांवर सकाळी पाण्याचा एकेक थेंब असे. मी वहीत ‘दव’ असे लिहीत गेले. पण पंधरा-वीस चित्रे शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की काही दिवशी थेंब फक्त टोकाला आहेत, सारख्या आकाराचे, आणि शेजारचे ढेकूळ कोरडे आहे. ते दिवस पाट सोडल्यानंतरचे होते. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विचारले तेव्हा उलगडा झाला. जमिनीत ओल भरपूर आणि रात्रीची हवा दमट असली की पाणी वाफ होऊन जाऊ शकत नाही. तेव्हा गवतकुळातील झाडे ते पानाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून थेंबरूपाने बाहेर टाकतात. आकाशातून पडले असे मी समजत होते ते मुळांनी वर चढवलेले पाणी होते. एका सुंदर चित्राने हे कधी कळले नसते. सारख्याच साधारण चित्रांच्या रांगेने ते कळले. त्या थेंबात मागचे बाभळीचे झाड उलटे दिसत होते ते वेगळेच. थेंब हेही एक भिंगच, आणि दोषांत माझ्या भिंगाचा थोरला भाऊ.

पस्तिसाव्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, हेलिओसने कुर्डूचे चित्र घेतले. मागे बाभळ होती. तिच्या बारीक पाल्यातून उगवत्या सूर्याचे असंख्य ठिपके येत होते. हेलिओसला अशीच चाळणीसारखी पार्श्वभूमी लागते. वस्तू जवळ, ती मात्र दूर, आणि ॲपर्चर पूर्ण उघडे. ते बंद करत गेले की भोवरा विरतो. चित्र आले ते असे की कुर्डूचे गुलाबी कणीससुद्धा नीट स्पष्ट नाही आणि भोवती सारे रान फिरते आहे. विभागातील एका मित्राने पाहून विचारले, “फोकस चुकला का?” आमच्या गटात कोणालाच ती वनस्पती ओळखू आली नाही.

घरी आईला दाखवले. रोज पहाटे ती मला, “त्या तणात काय बघतीस गं?” असे विचारत असे. चित्र पाहताच ती म्हणाली, “ह्यो कुर्डू. बी धराया लागलाय. उद्या उपटाय पायजे.”

मी चकित झाले. पाने दिसत नव्हती, फुलाचे तपशील दिसत नव्हते. पण देठाची उभे राहण्याची ढब आणि कणसाचा तोल त्या अंधूक चित्रातही राहिला होता आणि तिला तेवढे पुरेसे होते. आमच्या घरात वनस्पतींची लॅटिन नावे मी प्रथम आणली, याचा मला थोडा अभिमान होता. पण झाडे तिला ठाऊक होती. रोज एकदा पाहण्याचा नेम माझा साठ दिवसांचा, तिचा तीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तिने कुर्डू खरोखरच उपटला. तिचे बरोबरच होते. एका रोपाचे बी रानात सांडले तर पुढल्या वर्षी जोंधळ्याला ओल उरत नाही. मला वाईट वाटले, हेही खरे. छत्तिसावे चित्र बांधावर उपटून टाकलेल्या कुर्डूच्या ढिगाचे आहे. ते साध्या मोबाइलने घेतले; तिथे भोवरा नको वाटला.

महाविद्यालयात यातली बारा चित्रे लावली तेव्हा एका प्राध्यापकांनी आक्षेप घेतला की निसर्ग असा फिरत नाही, मग हे निसर्गचित्र कसे? प्रश्न योग्य आहे आणि जुनाही. बेंटले आपल्या निगेटिव्हवर स्फटिकाभोवतीचा भाग खरवडून पार्श्वभूमी काळी करत असे. त्यावर शास्त्रज्ञांनी टीका केली होती. मला वाटते, पाहणाऱ्याची फसवणूक होऊ नये, एवढी अट पाळली पाहिजे. म्हणून मी प्रत्येक चित्राखाली भिंगाचे नाव लिहिले आणि प्रत्येक वनस्पतीचे एक स्वच्छ, ओळख पटणारे चित्र सोबत ठेवले. ओळख पटवण्याचे काम स्वच्छ भिंगाने करावे. सदोष भिंगाचे काम निराळे आहे. ते चित्रातील बराचसा मजकूर पुसून टाकते आणि उरलेल्यापुरते पाहायला लावते. काय उरू द्यायचे ते मात्र आपल्याला कळावे लागते आणि ते एका दिवसात कळत नाही. भोवरा मला पहिल्या चार दिवसांत सर्वत्र हवासा वाटला. पुढे तो कुठे नको हे कळू लागले.

ज्यांना हा उद्योग करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात चार गोष्टी. जागा लहान आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरची निवडा. लांबचा डोंगर निवडाल तर आठव्या दिवशी नेम मोडेल. भिंग एकच घ्या आणि किमान दोन आठवडे बदलू नका. मऊ झालर हवी असेल तर भिंगापुढे लावायच्या साध्या काचेवर किंचित व्हॅसलिन लावा, पण भिंगाला ते कधीही लावू नका. आणि तारीख, वेळ, हवामान वहीत लिहा. जोंधळ्याचा थेंब मला चित्राने अर्धा आणि वहीने अर्धा सांगितला.

हेलिओस मी सुटी संपताच परत केले. घड्याळवाल्या काकांचे भिंग अजून माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात बांध कोरडा ठणठणीत झाला आणि घेण्यासारखे काही राहिले नाही असे मी आईला सांगितले. तिने बांधाच्या पोटाशी बोट दाखवून म्हटले, “तिथं बघ, कुर्डूचं बी पडलंय.” वाकून पाहिले तेव्हा ते दिसले. काळेभोर, चकचकीत आणि मोहरीएवढेच.